बांधलेल्या दप्तरात नवा कागद
संपीडित संग्रहात डेटाबेसमधून भर कशी घातली जाते

संग्रह करणे आणि केलेल्या संग्रहात मागाहून भर घालणे ही दोन कामे वरवर पाहता एकाच जातीची वाटतात. परंतु ज्याने कागदपत्रांची व्यवस्था कधी हाताळली आहे, त्याला त्यांतील अंतर ठाऊक असते. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागद कापडी रुमालांत बांधून ठेवण्याची पद्धत होती. रुमाल बांधला म्हणजे कागद विखरत नाहीत, जागा थोडी व्यापतात आणि एका ठिकाणाहून दुसरीकडे नेण्यास सोयीचे होतात. मात्र बांधलेल्या रुमालात एक नवा कागद घालावयाचा झाला, तर प्रथम गाठ सोडावी लागते. मग कागद ठेवावा लागतो. सोबत यादी असेल तर तीत नोंद करावी लागते. आणि अखेरीस पुन्हा गाठ मारावी लागते. नोंदीची कृती राहून गेली, तर कागद रुमालात असूनही शोधणाऱ्याच्या दृष्टीने नसल्यासारखाच होतो. आणि गाठ सोडलेल्या अवस्थेतच काम अर्धवट टाकून उठावे लागले, तर नव्या कागदाबरोबर जुनेही विखरण्याची भीती असते.

आजच्या संगणकापुढे हाच प्रश्न निराळ्या रूपाने रोज उभा राहतो. एखाद्या विद्यालयाचे मासिक निकाल, एखाद्या ग्रंथालयाच्या देवघेवीच्या नोंदी, एखाद्या कार्यालयाच्या पावत्या ह्या सर्वांच्या फाईली एकत्र करून, त्यांचा आकार घटवून, एकाच संग्रहात बांधून ठेवल्या जातात. अशा संग्रहाला ‘संपीडित संग्रह’ म्हणावे. व्यवहारात त्याला ‘झिप फाईल’ हेच नाव रूढ आहे. पुढल्या महिन्याचा निकाल तयार झाला की तो ह्याच संग्रहात घालावयाचा असतो, आणि निकाल मुळात डेटाबेसमध्येच असल्यामुळे हे काम डेटाबेसच्या आज्ञावलीनेच परस्पर करावे, ही अपेक्षाही स्वाभाविक असते. ते काम नेमके कसे होते, त्यात धोका कोठे दडलेला आहे आणि तो कसा टाळावा, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

आकार कसा घटतो

प्रथम संपीडनाचे तत्त्व समजून घेऊ. कोणत्याही लेखनात पुनरुक्ती असते, आणि पुनरुक्ती ओळखून ती थोडक्यात सांगणे हेच संपीडनाचे मर्म आहे. १९७७ साली इस्रायलमधील अब्राहम लेंपेल व जेकब झिव ह्या दोन शास्त्रज्ञांनी ह्यासाठी एक साधी पण अत्यंत फलदायी युक्ती प्रसिद्ध केली. ‘पाऊस पडला, पाऊस थांबला’ हे शब्द घ्या. संगणकाच्या युटीएफ-८ ह्या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह ३ बाइट जागा घेते. म्हणून ‘पाऊस’ ह्या शब्दातील ४ चिन्हांना १२ बाइट लागतात. दुसऱ्यांदा ‘पाऊस’ आला की तो पुन्हा लिहिण्याऐवजी ‘२७ बाइट मागे जा आणि तेथून १२ बाइट उतरवून घे’ एवढीच सूचना लिहिली तरी काम भागते. देवनागरी मजकूर ह्या पद्धतीने विशेष चांगला आवळला जातो, ह्याचे एक कारण असे की त्यातील प्रत्येक चिन्हाच्या तीन बाइटांपैकी पहिला सर्वत्र एकच असतो आणि दुसरा केवळ दोन पर्यायांपैकी एक असतो.

ह्याला जोड मिळाली ती डेव्हिड हफमन ह्यांनी १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीची. तारायंत्राच्या मोर्स संकेतांत वारंवार येणाऱ्या अक्षराला लहान खूण आणि क्वचित येणाऱ्या अक्षराला लांब खूण दिलेली होती. हफमन ह्यांनी अशा खुणा सर्वांत काटकसरीने कशा ठरवाव्यात ह्याची गणिती रीत दिली. ह्या दोन्ही युक्त्यांच्या संयोगातून ‘डिफ्लेट’ नावाची पद्धत निर्माण झाली. ती ३२,७६८ बाइटांपर्यंत मागे पाहते आणि एका सूचनेत ३ ते २५८ बाइटांची पुनरुक्ती सांगू शकते.

‘इतके मागे जा’ ही सूचना ज्या मजकुराकडे बोट दाखविते तो मजकूर हाताशी असेल तरच ती उलगडते. म्हणून अनेक फाईली सलग एकाच धाग्यात आवळल्या, तर पुढली फाईल मागलीवर अवलंबून राहते. प्रत्येक फाईल वेगळी आवळली, तर ती स्वतंत्र राहते. युनिक्स जगतात प्रचलित असलेल्या ‘टार’ संग्रहात फाईली एकामागून एक मांडल्या जातात, आणि मग सबंध संग्रह एकदम आवळण्याची प्रथा आहे. सारख्या मजकुराच्या फाईली असल्या तर त्यात जागेची बचत अधिक होते. पण अशा आवळलेल्या संग्रहात मागाहून भर घालण्याची आज्ञा ‘जीएनयू टार’ ही आज्ञावली सरळ नाकारते. प्रथम सर्व सोडवा, मग भर घाला आणि पुन्हा आवळा, एवढाच मार्ग उरतो. झिपमध्ये ह्याच्या उलट प्रत्येक फाईल स्वतंत्रपणे आवळली जाते. थोडी जागा अधिक लागते, परंतु त्या मोबदल्यात संग्रह वाढविता येतो.

अनुक्रमणिका शेवटी का?

झिपची रचना अमेरिकेतील फिल कॅट्झ ह्यांनी १९८९ साली आपल्या ‘पीकेझिप’ ह्या आज्ञावलीबरोबर प्रसिद्ध केली. डिफ्लेट पद्धत तिला पुढे, १९९३ च्या सुमारास जोडली गेली. आजही प्रत्येक झिप संग्रहातील नोंदी ‘पी’ आणि ‘के’ ह्या दोन रोमन अक्षरांनी सुरू होतात. ती कॅट्झ ह्यांच्या नावाची आद्याक्षरे होत.

ह्या रचनेचे तीन भाग आहेत. पहिल्या भागात फाईली एकामागून एक मांडलेल्या असतात. प्रत्येक फाईलीच्या आधी ३० बाइटांची एक शीर्षनोंद असते, तिच्यामागे फाईलीचे नाव आणि त्यामागे आवळलेला मजकूर. दुसरा भाग म्हणजे अनुक्रमणिका. तीत प्रत्येक फाईलीसाठी ४६ बाइटांची एक नोंद व पुन्हा फाईलीचे नाव असते. फाईल संग्रहाच्या आरंभापासून किती बाइटांवर सापडेल, तिचा मूळ आकार किती, आवळलेला आकार किती, हे सर्व त्या नोंदीत लिहिलेले असते. तिसरा भाग म्हणजे २२ बाइटांची समाप्ती-नोंद. एकूण फाईली किती आणि अनुक्रमणिका कोठे सुरू होते, हे ती सांगते. समाप्ती-नोंदीनंतर मोकळा शेरा लिहिण्याची सोय आहे. शेऱ्याची लांबी ठरलेली नसल्यामुळे वाचणारी आज्ञावली संग्रहाच्या शेवटापासून मागे शोध घेत ह्या नोंदीपर्यंत पोहोचते, तेथून अनुक्रमणिकेकडे जाते आणि मग हव्या त्या फाईलीवर थेट उतरते.

पुस्तकाची अनुक्रमणिका बहुधा आरंभी असते, मग येथे ती शेवटी का, अशी शंका वाचकाच्या मनात येईल. अनुक्रमणिका आरंभी असती, तर प्रत्येक नव्या नोंदीसाठी ती लांबली असती आणि तिच्यामागचा सगळा संग्रह तितका पुढे सरकवावा लागला असता. ती शेवटी असल्यामुळे फाईली जागच्या जागी राहतात. मालगाडीच्या शेवटी गार्डाचा डबा लावण्याची पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. नवा डबा जोडावयाचा असेल तर इंजिनाला किंवा मधल्या डब्यांना हात लावावा लागत नाही. गार्डाचा डबा सोडावा, नवा डबा जोडावा आणि त्यामागे गार्डाचा डबा पुन्हा लावावा, म्हणजे झाले.

एक लहानसा हिशेब

हे आकड्यांनी पाहिले म्हणजे अधिक स्पष्ट होईल. समजा, एका संग्रहात ‘मे’ व ‘जून’ अशा नावांच्या दोन फाईली आहेत. आवळल्यानंतर त्यांचे आकार अनुक्रमे १,००० व १,२०० बाइट झाले आहेत. ‘मे’ ह्या नावाला २ चिन्हांचे ६ बाइट आणि ‘जून’ ह्या नावाला ३ चिन्हांचे ९ बाइट लागतात.

‘मे’ ही फाईल शून्यापासून सुरू होते आणि ३० + ६ + १,००० असे १,०३६ बाइट घेते. ‘जून’ १,०३६ वर सुरू होते, ३० + ९ + १,२०० असे १,२३९ बाइट घेते आणि २,२७५ वर संपते. तेथे अनुक्रमणिका सुरू होते. तिच्यातील दोन नोंदी ५२ व ५५ मिळून १०७ बाइटांच्या होतात. त्यानंतर २२ बाइटांची समाप्ती-नोंद. सबंध संग्रह २,४०४ बाइटांचा झाला.

आता ‘जुलै’ ही फाईल घालावयाची आहे. नाव १२ बाइटांचे आणि आवळलेला मजकूर ९०० बाइटांचा. सर्वांत काटकसरीची रीत अशी : जुनी अनुक्रमणिका वाचून स्मृतीत ठेवावी, तिच्याच जागेवर, म्हणजे २,२७५ पासून, ‘जुलै’ लिहावी, ती ३० + १२ + ९०० असे ९४२ बाइट घेऊन ३,२१७ वर संपेल. तेथे १०७ अधिक ५८, म्हणजे १६५ बाइटांची नवी अनुक्रमणिका लिहावी आणि शेवटी २२ बाइटांची समाप्ती-नोंद. नव्या संग्रहाचा आकार ३,४०४ बाइट होईल. आरंभीच्या २,२७५ बाइटांपैकी एकालाही स्पर्श झाला नाही. येथे संग्रह लहान असल्यामुळे बचत क्षुल्लक वाटेल. पण आधीचा संग्रह कित्येक कोटी बाइटांचा असता, तरी ‘जुलै’ घालण्यासाठी नवी फाईल व अनुक्रमणिका एवढेच लिहावे लागले असते.

ह्यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. संग्रहात फाईल घालणे हे नाममात्र घालणे आहे. वस्तुतः ते जुनी अनुक्रमणिका रद्द करून नवी लिहिणे आहे. फाईल घालण्याचे सर्व यश आणि सर्व संकट ह्या एका कृतीत साठविलेले आहे.

डेटाबेसच्या आतून

डेटाबेस म्हणजे रकाने व ओळी ह्यांनी बनलेल्या तक्त्यांचा व्यवस्थित समूह. ह्या तक्त्यांच्या सिद्धांताची मांडणी एडगर कॉड ह्यांनी १९७० साली केली, आणि त्यांच्याशी बोलण्यासाठी ‘एसक्यूएल’ ही भाषा पुढे रूढ झाली. ‘ही ओळ घाल’, ‘ती ओळ काढ’, ‘अमुक अटीच्या ओळी दाखव’, अशा आज्ञा तीत देता येतात. संपीडित संग्रहात ह्याच भाषेतून भर घालण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत.

पहिला मार्ग असा की संग्रहालाच तक्ता मानावयाचे. रिचर्ड हिप ह्यांनी २००० साली निर्माण केलेला ‘एसक्यूलाइट’ हा डेटाबेस आकाराने लहान आहे, पण प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये तो असतो. त्याला २०१८ च्या जानेवारीत ‘झिपफाइल’ नावाचा एक जोडविस्तार मिळाला. त्याच्या योगे डिस्कवरील झिप संग्रह हा एखाद्या तक्त्यासारखा दिसू लागतो. प्रत्येक फाईल म्हणजे एक ओळ; नाव, वेळ, आकार, मजकूर हे तिचे रकाने. अशा तक्त्यात नवी ओळ घालण्याची आज्ञा दिली की फाईल आवळण्यापासून अनुक्रमणिका लिहिण्यापर्यंतचे सर्व काम विस्तार स्वतः करतो. आवळल्याने आकार घटत नसेल, तर मजकूर तसाच ठेवावा, हा निर्णयही त्याच्यावर सोपविता येतो. त्याच नावाची फाईल आधीच असेल, तर तो आज्ञा नाकारतो.

दुसरा मार्ग मोठ्या डेटाबेसांत अवलंबिला जातो. तेथे सबंध संग्रह हा एका ओळीतील एका रकान्यात बाइटांचा एक मोठा गठ्ठा म्हणून राहतो. त्याला ‘ब्लॉब’ म्हणतात. ओरॅकल ह्या डेटाबेसात मजकूर आवळण्याची सोय आहे, आणि मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये ती २०१६ च्या आवृत्तीपासून आली. परंतु ह्या दोन्ही सोयी झिप निर्माण करीत नाहीत. त्या ‘जीझिप’ ह्या वेगळ्या वेष्टनात बांधलेला मजकूर देतात. येथे आज्ञावली लिहिणाऱ्यांनी एक सुंदर युक्ती योजिली आहे. ह्या सोयींतून मिळणाऱ्या जीझिपच्या वेष्टनात पुढे १० व मागे ८ बाइट असतात, आणि आत असतो तो झिपला हवा असलेलाच डिफ्लेट पद्धतीचा मजकूर. मागच्या ८ बाइटांपैकी ४ बाइटांत मूळ मजकुराचा पडताळा-अंक व ४ बाइटांत मूळ आकार असतो. तेव्हा हे १८ बाइट सोलून काढावेत, मधला भाग झिपमध्ये घालावा, आणि सालपटातील पडताळा-अंक व आकार झिपच्या शीर्षनोंदीत उतरवून घ्यावेत. आपल्या उदाहरणातील ‘जुलै’ डेटाबेसकडून ९१८ बाइटांची म्हणून येईल आणि सोलल्यावर ९०० बाइटांची उरेल.

ह्या मार्गाने जाणाऱ्याने एक खाचखळगा ध्यानात ठेवावा. झिपमध्ये संख्येचा लहान भाग आधी आणि मोठा भाग नंतर लिहितात. २,२७५ ही संख्या म्हणजे ८ वेळा २५६ अधिक २२७. ती चार बाइटांत २२७, ८, ०, ० अशी लिहिली गेली पाहिजे. डेटाबेसांतील संख्येचे बाइट करणाऱ्या क्रिया पुष्कळदा मोठा भाग आधी ठेवून ०, ०, ८, २२७ असे उत्तर देतात. ते तसेच लिहिले, तर वाचणाऱ्याला ती संख्या ३,८०,८९,५२,३२० अशी दिसेल, आणि २,४०४ बाइटांच्या संग्रहात तो अनुक्रमणिका तेवढ्या दूर शोधू लागेल.

आणखी एक साधी गोष्ट अनेकांना चकविते. मोठ्या डेटाबेसची आज्ञावली वापरणाऱ्याच्या टेबलावरील संगणकावर चालत नाही. ती दूरच्या सेवायंत्रावर चालते. म्हणून तिला सेवायंत्राचीच डिस्क दिसते, आणि तीही डेटाबेसच्या खात्याला जेवढी परवानगी असेल तेवढीच. आपल्या संगणकावरील संग्रहात भर घालण्याची आज्ञा निष्फळ का झाली, ह्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

गाठ सुटलेली असताना

आता मूळ धोक्याकडे वळू. वरच्या हिशेबात ‘जुलै’ ही फाईल २,२७५ पासून, म्हणजे जुन्या अनुक्रमणिकेच्याच जागेवर लिहिली गेली. समजा, ५०० बाइट लिहून झाले आणि वीज गेली. जुनी अनुक्रमणिका पुसली गेली आहे. नवी अजून लिहिली गेलेली नाही. संग्रह उघडणारी आज्ञावली शेवटापासून समाप्ती-नोंद शोधते, ती तिला सापडत नाही, आणि संग्रह बिघडला आहे असे ती सांगते. ‘मे’ व ‘जून’ ह्यांचा एकही बाइट बदललेला नाही; तरीही त्या दोन्ही हाती लागत नाहीत. नवी फाईल घालण्याच्या प्रयत्नात सर्व जुन्या फाईलींची वाट बंद झाली. शीर्षनोंदी एकेक हुडकून असा संग्रह पुष्कळदा दुरुस्त करता येतो. पण दुरुस्ती करता येते म्हणून मोडू देणे हे शहाणपणाचे नव्हे. ज्या संग्रहात एखाद्या विद्यालयाचे दहा वर्षांचे निकाल आहेत, तेथे ह्या अर्ध्या क्षणाची किंमत मोठी आहे.

दुसरा धोका वीज न जाताही उद्भवतो. डेटाबेस अनेकजण एकाच वेळी वापरतात. समजा, दोन लिपिकांनी एकाच क्षणी संग्रह उघडला. दोघांनाही अनुक्रमणिकेत दोन नावे दिसली. एकाने ‘जुलै’ घातली व तीन नावांची अनुक्रमणिका लिहिली. दुसऱ्याने ‘ऑगस्ट’ घातली व आपल्या समजुतीप्रमाणे तीन नावांचीच अनुक्रमणिका लिहिली. जो मागाहून लिहील त्याची फाईल राहील आणि दुसऱ्याची नाहीशी होईल. कोणालाही चूक झाल्याची सूचना मिळणार नाही. म्हणूनच ओरॅकलमध्ये ब्लॉबला हात लावण्यापूर्वी त्याची ओळ कुलूपबंद करावी लागते. पहिल्याचे काम संपेपर्यंत दुसऱ्याला थांबावे लागते.

तीन सुरक्षित मार्ग

ह्या धोक्यांवर तीन उपाय आहेत, आणि तिन्हींच्या मुळाशी एकच नियम आहे : नवी अनुक्रमणिका पूर्णपणे लिहून होईपर्यंत जुनीला धक्का लावू नये.

पहिला उपाय म्हणजे सबंध संग्रहाची वेगळी प्रत करून तीत भर घालणे. प्रत पूर्ण झाली, ती डिस्कवर खरोखर उतरली ह्याची खात्री झाली, की तिला मूळ संग्रहाचे नाव द्यावे. युनिक्स परंपरेतील संगणकप्रणालींत नाव बदलण्याची ही कृती अखंड असते. वाचणाऱ्याला जुना संग्रह तरी दिसतो किंवा नवा तरी. हा उपाय सर्वांत निर्धास्त आहे, मात्र त्याला काही काळ दुप्पट जागा लागते.

दुसरा उपाय म्हणजे जुनी अनुक्रमणिका जागच्या जागी राहू देऊन तिच्यापुढे लिहिणे. आपल्या उदाहरणात ‘जुलै’ २,४०४ पासून सुरू होऊन ३,३४६ वर संपेल, त्यामागे नवी अनुक्रमणिका ३,५११ पर्यंत आणि समाप्ती-नोंद ३,५३३ पर्यंत जाईल. जुनी अनुक्रमणिका व तिची समाप्ती-नोंद मिळून १२९ बाइट मध्येच मृत जागा म्हणून पडून राहतील. तेवढाच विम्याचा हप्ता समजावा. मध्येच विघ्न आले, तर संग्रह पुन्हा २,४०४ बाइटांवर छाटला की तो पूर्ववत होतो. अट एवढीच की जुनी लांबी आधी टिपून ठेवलेली असली पाहिजे. एसक्यूलाइटचा झिपफाइल विस्तार ह्याच रीतीने चालतो. नव्या फाईली तो संग्रहाच्या शेवटी लिहीत जातो आणि अनुक्रमणिका स्मृतीत जमवून काम पुरे होताना एकदाच लिहितो. त्यामुळे शंभर फाईली घालावयाच्या असल्या, तर त्या एकाच व्यवहारात घालणे श्रेयस्कर. नाही तर शंभर वेळा अनुक्रमणिका लिहिली जाईल.

तिसरा उपाय म्हणजे झिपचा आग्रहच सोडून फाईली डेटाबेसच्या तक्त्यात ठेवणे. एसक्यूलाइटमध्ये ह्यासाठी एक ठरीव तक्ता सुचविलेला आहे. त्यात पाच रकाने आहेत : नाव, परवानगी, वेळ, मूळ आकार आणि आवळलेला मजकूर. येथे प्रत्येक भर हा डेटाबेसचा ‘व्यवहार’ असतो. व्यवहार म्हणजे पुरा झाला तर पुरा, नाही तर मुळीच नाही. डेटाबेस बदलाचा मागमूस आधी वेगळा लिहून ठेवतो, आणि वीज गेली तर पुन्हा सुरू होताना त्या आधारे अर्धवट काम मागे फिरवितो. जो संग्रह रोज वाढावयाचा आहे त्याला हा मार्ग उत्तम. जो दुसऱ्याकडे पाठवावयाचा आहे, त्याला झिपच सोयीचे, कारण ते उघडण्याचे साधन बहुतेक प्रत्येक संगणकावर असते.

व्यवहारातील काही नियम

मराठी नावांच्या फाईली हाताळणाऱ्यांनी एका गोष्टीची विशेष काळजी घ्यावी. मूळ झिप रचनेत नावांसाठी अमेरिकन संगणकांची जुनी अक्षरसूची गृहीत धरलेली होती आणि तीत देवनागरीला जागाच नव्हती. २००६ साली रचनेत सुधारणा होऊन ‘हे नाव युटीएफ-८ मध्ये आहे’ असे सांगणारी एक खूण नोंदीत आली. हाताने नोंदी रचणाऱ्या आज्ञावलीने ही खूण लावली नाही, तर ‘जुलै’ ह्या नावाऐवजी दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांची माळ दिसण्याचा संभव असतो. मराठीप्रमाणेच हिंदी, बंगाली, तमिळ अशा सर्वच भारतीय भाषांना हे लागू आहे.

आकाराच्या मर्यादाही ठाऊक असाव्यात. मूळ झिपमध्ये फाईलींची संख्या २ बाइटांत व आकार ४ बाइटांत लिहितात. म्हणून एका संग्रहात ६५,५३५ पेक्षा अधिक फाईली किंवा ४,२९,४९,६७,२९५ बाइटांपेक्षा मोठी फाईल बसत नाही. ही मर्यादा ओलांडणारा ‘झिप६४’ हा विस्तार २००१ साली आला, पण प्रत्येक आज्ञावलीला तो उमजतो असे नाही. वर वर्णन केलेल्या झिपफाइल विस्ताराला तो उमजत नाही. वाढत जाणारा संग्रह ह्या कुंपणाला केव्हा टेकेल, ह्याचा अंदाज आधीच घ्यावा.

भर घातल्यावर पडताळा अवश्य करावा. प्रत्येक फाईलीच्या मूळ मजकुरावरून गणिताने काढलेला ४ बाइटांचा पडताळा-अंक शीर्षनोंदीत व अनुक्रमणिकेत असतो. फाईल उलगडून तो पुन्हा काढला आणि जुळला, तर मजकूर अपघाताने बदललेला नाही असे मानण्यास हरकत नाही. मात्र कोणी हेतुपुरस्सर बदल केला, तर नवा अंकही तो लिहू शकतो. लबाडी पकडण्याचे हे साधन नव्हे.

शेवटी, आवळून झालेले पुन्हा आवळण्याच्या भरीस पडू नये. जेपीईजी प्रकारची छायाचित्रे मुळातच संपीडित असतात. ती न आवळता ठेवण्याची सोय झिपमध्ये आहे, तिचा उपयोग करावा. ईपब प्रकारच्या पुस्तकांत तर हा नियमच आहे. ईपब पुस्तक हे आतून झिपच असते. त्यातील पुस्तकाचा प्रकार सांगणारी लहानशी फाईल सर्वांत प्रथम आणि न आवळताच ठेवावी लागते, म्हणजे पहिल्या काही बाइटांवरूनच पुस्तक ओळखता येते.

डॉ. शि. रा. रंगनाथन ह्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतील पाचवे सूत्र ग्रंथालयाच्या सतत वाढीविषयी आहे. वाढणाऱ्या ग्रंथालयात नवे पुस्तक फडताळात ठेवण्याइतकेच तालिकेतील त्याचे पत्रकही महत्त्वाचे असते. संगणकातील संग्रहांनाही हाच न्याय लागू पडतो. जो विद्यार्थी उद्या अशी आज्ञावली लिहावयास बसेल, त्याने मजकूर कसा आवळावा ह्याचा विचार जरूर करावा. पण त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारावा : ह्या क्षणी वीज गेली, तर कालपर्यंत जमविलेले सर्व जागेवर सापडेल काय? ह्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे देता आले, म्हणजे मगच नवी फाईल घालण्यास हरकत नाही.